पळता येत नाही म्हणून

लसणाची एक पाकळी अलगद सोला. नख लागू देऊ नका. आता तिचा वास घ्या. जवळजवळ काहीच येत नाही ना? मग तीच पाकळी खलबत्त्यात टाकून एकदा ठेचा. काही सेकंदांत तो ओळखीचा, नाकात शिरणारा दर्प पसरतो. इतका वेळ तो कुठे होता?

कुठेच नव्हता! ज्या रेणूमुळे ठेचलेला लसूण असा झणझणतो, तो अख्ख्या पाकळीत तयारच झालेला नसतो. बत्त्याच्या एका घावाने तो आत्ता, आपल्या डोळ्यांदेखत जन्माला आला.

हे घडतं कसं? लसणाच्या पाकळीतल्या साठवणीच्या पेशींमध्ये ॲलिइन नावाचं गंधकाचं एक संयुग असतं. त्याला वास नाही, तिखटपणा नाही, आणि ते दीर्घकाळ तसंच टिकून राहतं. पाकळीतून ज्या बारीक शिरा जातात, त्यांच्याभोवतीच्या पेशींत एक एन्झाइम कोंडलेलं असतं. या दोघांची गाठ पडू नये अशीच ही रचना आहे. पण किड्याने दात लावला, बुरशीचा धागा आत घुसला किंवा आपण ठेचलं, की भिंती फुटतात आणि दोघं समोरासमोर येतात. एन्झाइम ॲलिइनचे तुकडे करतं, त्यातले दोन तुकडे एकमेकांना जोडले जातात आणि बनतं ॲलिसिन. दर्प त्याचाच, आणि जंतू मारण्याची ताकदही त्याचीच. लसणाच्या पाकळीतल्या एकूण प्रथिनांपैकी साधारण दहावा हिस्सा या एकट्या एन्झाइमचा असतो. जे कदाचित कधीच वापरावं लागणार नाही, त्यावर एवढी गुंतवणूक!

अमेरिकेत चेस्टर कॅव्हालिटो आणि जॉन बेली यांनी १९४४ साली ॲलिसिन वेगळं काढलं. ते ज्यातून बनतं ते ॲलिइन मात्र चार वर्षांनंतर, १९४८ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या आर्थर स्टोल आणि एवाल्ड सीबेक यांना सापडलं. म्हणजे आधी तलवार सापडली आणि मग म्यान.

पण लसूण ॲलिसिन आधीच तयार करून का ठेवत नाही? कारण ते त्याच्या स्वतःच्या पेशींनाही सोडणार नाही. प्रत्येक सजीवाच्या प्रथिनांमध्ये जागोजाग गंधकाची टोकं असतात आणि पुष्कळ प्रथिनांचं काम या टोकांवर चालतं. ॲलिसिन पेशीच्या आवरणातून सहज आत जातं आणि सापडेल त्या टोकाला चिकटतं. एक प्रथिन निकामी, दुसरं निकामी, तिसरं निकामी. पेनिसिलिन जिवाणूच्या एका ठरावीक यंत्रणेवर घाव घालतं. ती यंत्रणा जिवाणूने जराशी बदलली, की तो सुटतो. ॲलिसिनपासून वाचायला तो काय काय बदलणार?

आणि तरीही एक पठ्ठ्या निघालाच. जर्मनीतल्या आखेनच्या संशोधकांनी चक्क लसणावरूनच स्यूडोमोनास कुळातला एक जिवाणू मिळवला, जो ॲलिसिनला दाद देत नाही. २०२० साली त्यांनी त्याचं गुपित मांडलं. ॲलिसिनने केलेली नासधूस सावरणाऱ्या जनुकांचा एक अख्खा संच या जिवाणूकडे आहे, आणि तो त्याला वाडवडिलांकडून मिळालेला दिसत नाही. तो दुसऱ्या जिवाणूंकडून, आयता, त्याच्या जनुकांत येऊन बसला आहे. लसणावरच बिऱ्हाड करायचं, तर तेवढी तयारी हवीच.

ही सगळी खटपट आपल्या फोडणीसाठी किंवा आपल्या सर्दीसाठी चाललेली नाही, हे एकदा नीट मनात उतरलं की वनस्पतींकडे बघण्याची नजर बदलते. झाडाला पळता येत नाही. हात झटकता येत नाही. आपल्या रक्तात जशा पांढऱ्या पेशी गस्त घालतात आणि जखमेकडे धावतात, तसं झाडात कोणी धावणारं नाही, कारण त्याची प्रत्येक पेशी आपापल्या कडक भिंतीत कायमची बंद असते. जिथे आहे तिथेच उभं राहून, ज्या पेशीवर हल्ला झाला तिनेच लढायचं. मग लढायचं कशाने? रसायनांनी. वनस्पतींनी अशा गरजांसाठी घडवलेल्या संयुगांची आजवरची नोंद लाखांत जाते. आपण ज्याला औषधी गुण म्हणतो, तो बहुतेक वेळा झाडाच्या स्वतःच्या जगण्याच्या धडपडीतून आलेला असतो.

ओव्याने वेगळी तऱ्हा निवडली. त्याचं रसायन तयार असतं, पण बंदिस्त. आपण ज्यांना ओव्याचे दाणे म्हणतो ती खरं तर इवलीशी फळं आहेत. त्यांच्या सालीत लांबट, अतिशय बारीक नळ्या असतात आणि त्या तेलाने भरलेल्या असतात. थालीपिठात किंवा भज्यांच्या पिठात ओवा घालताना तो तळहातावर चोळून घालायचा, हे आपल्याकडे कोणी मुद्दाम शिकवत नाही, बघूनच येतं. त्या चोळण्याने नेमक्या याच नळ्या फुटतात.

या तेलातला निम्म्याच्या आसपास भाग थायमॉलचा. थायमॉल पाण्यात फारसं विरघळत नाही, स्निग्ध पदार्थांत मात्र चटकन मिसळतं. आता जिवाणूचं आवरण कशाचं असतं? स्निग्ध रेणूंच्या दुहेरी थराचं. थायमॉल त्या थरात घुसतं, रेणूंची घट्ट दाटी विस्कटून टाकतं आणि आवरण गळू लागतं. आतलं पोटॅशियम बाहेर वाहतं. जिवाणू आपली ऊर्जा याच आवरणाच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूंमधल्या फरकावर मिळवत असतो. तो फरकच पुसला जातो.

काष्ठौषधींच्या दुकानात ‘ओव्याचं फूल’ मागितलं की पांढरे खडे मिळतात, ते हेच थायमॉल. अमृतधारा करताना कापूर, पुदिन्याचं फूल आणि ओव्याचं फूल एका बाटलीत घालून हलवतात. पाण्याचा थेंब नाही, आच नाही. तिन्ही कोरडे स्फटिक. आणि थोड्या वेळाने बाटलीत पातळ द्रव! पुदिन्याचं फूल चाळीस अंशांच्या थोडं वर वितळतं, ओव्याचं पन्नासच्या आसपास, कापराला तर पावणेदोनशेच्या वर तापमान लागतं. मग तिघं एकत्र येताच साध्या खोलीत वितळतात कशी? स्फटिक टिकायला एकसारखे रेणू ओळीने, शिस्तीत बसावे लागतात. इथे तीन वेगळ्या घडणीचे रेणू एकमेकांत शिरतात, एकमेकांना ओढून घेतात, आणि कोणाचीच रांग नीट लागत नाही. रांग मोडली की घनपणाही गेला. आयुर्वेदाच्या औषधांत इतका सुंदर रसायनशास्त्राचा प्रयोग घरच्या घरी दाखवणारं दुसरं औषध माझ्या तरी माहितीत नाही.

ओव्याने जगही बरंच पाहिलं आहे. पहिल्या महायुद्धाआधी भारतातला ओवा मोठ्या प्रमाणावर जर्मनीला जात असे आणि तिथले कारखाने त्यातून थायमॉल काढत. त्याच सुमारास, १९०९ ते १९१४ या काळात, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत रॉकफेलर यांच्या देणगीतून अंकुशकृमीविरुद्ध मोठी मोहीम चालली होती. तिचं मुख्य औषध कोणतं होतं? थायमॉल.

तिसरी तऱ्हा मला सर्वांत अजब वाटते. हिच्यात रसायन नसतं आणि त्याचे सुटे भागही जुळणीसाठी तयार नसतात. हल्ला झाल्याचं कळलं, की त्यानंतर ते मुळापासून घडवायला सुरुवात होते. जर्मनीत कार्ल म्युलर आणि हर्मान बर्गर यांनी बटाट्याच्या करप्यावर काम करताना हे हेरलं आणि १९४० साली मांडलं. बटाट्याच्या फोडीवर त्यांनी आधी करप्याचा असा वाण लावला, ज्याला त्या जातीचा बटाटा तोंड देऊ शकतो. मग त्याच जागी घातक वाण लावला. एरवी फोड सडवून टाकणारा तो वाण तिथे वाढूच शकला नाही. पहिल्या हल्ल्याने जाग्या झालेल्या पेशींनी तोवर काहीतरी तयार करून ठेवलं होतं.

पण डोळे नाहीत, मेंदू नाही. झाडाला हल्ला झालाय हे कळतं तरी कसं? पुष्कळ जिवाणू एका शेपटीवजा धाग्याच्या मदतीने पोहतात. तो धागा फ्लॅजेलिन नावाच्या प्रथिनाचा असतो. या प्रथिनातला फक्त २२ अमिनो आम्लांचा एक तुकडा ओळखणारी रचना झाडाच्या पेशींवर असते. बाझेलमधल्या थॉमस बॉलर यांच्या प्रयोगशाळेने १९९९ मध्ये हे दाखवलं. आणि तुकडा निवडलाय तोही बघा कोणता. धाग्याचा हा भाग जिवाणूला सहजासहजी बदलता येत नाही, कारण तो बदलला तर धाग्याची घडणच बिघडते आणि पोहणं अवघड होतं. शत्रू जे लपवू शकत नाही, नेमकं तेच झाडाने खूण म्हणून धरलं. बुरशीसाठी खूण वेगळी: तिच्या भिंतीतलं कायटिन.

नाशिककडच्या द्राक्षबागायतदारासमोर डावणी आणि भुरी या रोगांची नावं उच्चारली तरी पुरे, त्याच्या कपाळावर आठ्या येतात. त्याच्या वेलीची पानं गप्प बसून सोसत असतात असं मात्र नाही. बुरशीची लागण झाली की द्राक्षाची पानं रेस्व्हेराट्रॉल बनवू लागतात, हे लँगकेक आणि प्राइस या दोघांनी १९७६ साली दाखवलं. पुढे हे रेणू एकमेकांना जोडून वेल आणखी जहाल संयुगं तयार करते. सगळा खेळ वेळेचा आहे. ज्या वेली रोगाला तोंड देतात, त्या हे काम लवकर आणि भरपूर करतात. आपल्या बिनबियांच्या लाडक्या जाती इथे मागे पडतात, आणि मग ती उणीव शेतकऱ्याला पाठीवर पंप घेऊन भरून काढावी लागते.

इथपर्यंत वाचल्यावर एक प्रश्न पडायला हवा. वनस्पतींकडे एवढा दारूगोळा आहे, तर दवाखान्यात लिहून मिळणारी अँटिबायोटिक्स बहुतेक बुरशीपासून आणि मातीतल्या जिवाणूंपासून का आली? पेनिसिलिन बुरशीचं, स्ट्रेप्टोमायसिन मातीतल्या जिवाणूचं. इंजेक्शनने रक्तात द्यावं आणि न्यूमोनिया बरा व्हावा, असं वनस्पतीचं अँटिबायोटिक कुठे आहे?

कुठेच नाही. आणि त्याचं कारण आकड्यांत स्पष्ट दिसतं. जिवाणूंची वाढ थांबवायला औषध किमान किती लागतं, हे प्रयोगशाळेत मोजतात. आकडा जितका लहान, तितकं औषध जबर. नेहमीच्या अँटिबायोटिक्सना दर मिलिलिटरला ०.०१ ते १० मायक्रोग्रॅम पुरतात. वनस्पतींमधल्या संयुगांना अनेकदा १०० ते १,००० मायक्रोग्रॅम लागतात. शेकडो, कधी हजारो पट जास्त! औषधी वनस्पतींविषयी उत्साहाने लिहिणारे पुष्कळ जण हा आकडा सांगायचं टाळतात. मला तर तोच या विषयाचा गाभा वाटतो. कोट्यवधी वर्षं जंतूंशी लढत आलेल्या झाडांनी इतकी दुबळी शस्त्रं का बनवावीत? की आपण ती चुकीच्या रीतीने मोजतोय?

या कोड्याचं उत्तर पिवळ्या रंगाच्या एका मुळात सापडलं.

दारुहळद आपल्या वैद्यांच्या चांगल्या परिचयाची. हिमालयातलं हे काटेरी झुडूप. त्याच्या मुळाचा आणि खोडाचा काढा आटवून घट्ट केला की रसांजन होतं. डोळे येण्यावर, जखमांवर, जुलाबावर ते पूर्वापार वापरात आहे. तो गर्द पिवळा रंग बर्बेरिनचा. बर्बेरिनच्या रेणूवर धन विद्युतभार असतो, त्यामुळे ऋणभाराच्या जिवाणूकडे ते ओढलं जातं, आत शिरतं आणि थेट त्याच्या डीएनएला जाऊन चिकटतं. डीएनएला चिकटलं की ते अतिनील प्रकाशात झळकू लागतं! जिवाणूच्या आत किती बर्बेरिन पोचलं, हे त्या चमकेवरून मोजता येतं.

आणि मोजल्यावर दिसलं, की आत फारसं टिकतच नाही. कारण जिवाणूच्या आवरणात पंप असतात. फुटक्या होडीत बसलेला माणूस जसा आत येणारं पाणी सतत उपसून बाहेर फेकत राहतो, तसे हे पंप आत येणारे परके रेणू बाहेर फेकत राहतात. पाणी थांबत नाही, पण होडी बुडतही नाही. जखमा चिघळवणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूत असा एक पंप आहे, त्याचं नाव नॉरए. नॉरफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकला हा जिवाणू का दाद देत नाही, याचा शोध घेताना तो सापडला. मजा अशी, की तो एकट्या नॉरफ्लॉक्सासिनला ओळखत नाही. कितीतरी वेगवेगळ्या घडणीचे रेणू तो बाहेर काढतो, काही जंतुनाशकंसुद्धा. आणि बर्बेरिन त्याच्या खास आवडीचं.

अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठात किम लुईस या पंपांचा अभ्यास करत होते. कोलोरॅडोमध्ये फ्रँक स्टर्मिट्झ हे वनस्पतींच्या रसायनांचे जाणकार होते. दोघांच्या मनात एक साधा, पण विलक्षण विचार आला. बर्बेरिन बनवणाऱ्या झाडाला हे पंप ठाऊक नसतील का? ठाऊक असतील, तर त्यावर त्याने काही तोड काढली नसेल का?

त्यांनी दारुहळदीच्याच गोतावळ्यातलं, अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या कोरड्या प्रदेशातलं एक झुडूप घेतलं: बर्बेरिस फ्रेमोंटाय. त्याच्यातली संयुगं एकेक करून वेगळी केली. आणि त्यात एक असं मिळालं, जे एकटं वापरलं तर एकही जिवाणू मारत नाही. नेहमीच्या चाचणीत ते ‘निरुपयोगी’ म्हणून केराच्या टोपलीत गेलं असतं. पण बर्बेरिनबरोबर दिलं, की जिवाणूचा पंप पूर्ण बंद! बर्बेरिन आत साचत गेलं आणि जिवाणूचं काही चालेना. या संयुगाचं नाव पाच-मेथॉक्सिहिड्नोकार्पिन. हा शोध २००० साली प्रसिद्ध झाला.

इथे जरा थांबायला हवं. एकाच झुडपात दोन रेणू. एक मारणारा, पण पंपापुढे हतबल. दुसरा स्वतः काहीच न करणारा, फक्त पंपाच्या तोंडात बोळा कोंबणारा. दोघांना वेगळं करून, शुद्ध करून, एकेकटं तपासलं, की एक दुबळा ठरतो आणि दुसरा निकामी. आपण शे-दीडशे वर्षं वनस्पतींमधली संयुगं अशीच तर तपासत आलो. शुद्ध करायचं, सुटं करायचं, मग मोजायचं. झाडाने जे एकत्र योजलं होतं ते आपण आधी तोडलं आणि मग त्याची ताकद मोजली.

आणि हा पंप बंद करणारा रेणू त्याआधी कुठे नोंदला गेला होता? चालमोग्रा तेलात, अगदी अल्प प्रमाणात. हे तेल ज्या झाडांच्या बियांतून काढतात, त्यांतलंच एक म्हणजे सह्याद्रीत आणि कोकणात ओढ्यांच्या काठाने वाढणारं आपलं कडू कवठ. सल्फोन गटातली औषधं १९४० च्या दशकात येईपर्यंत महारोगावर जगभर याच तेलाचा आधार होता. पण ते पोटात घेतलं तर ओकारी व्हायची, आणि टोचलं तर त्वचेखाली गाठी होऊन बसायचं. हवाईमध्ये ॲलिस बॉल नावाच्या अवघ्या तेवीस वर्षांच्या कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ तरुणीने १९१५-१६ च्या सुमारास त्यातल्या आम्लांची अशी रूपं तयार केली, जी टोचल्यावर शरीरात नीट शोषली जातील. १९१६ च्या अखेरीस ती वारली. तिच्या विद्यापीठाच्या प्रमुखांनी ते काम तिचं नावही न घेता प्रसिद्ध केलं. १९२२ मध्ये हॅरी हॉलमन या डॉक्टरांनी त्याला ‘बॉल पद्धत’ असं लेखी म्हटलं, तेवढंच. तिचं नाव इथे न लिहिता पुढे जाणं मला जमलं नसतं.

लुईस आणि त्यांचे सहकारी तिथे थांबले नाहीत. २००२ साली त्यांनी पुष्कळ वनस्पतिजन्य संयुगं घेतली आणि जिवाणूंचे पंप बंद पाडून पुन्हा मोजणी केली. रेवाचिनीतलं ऱ्हाइन, जिवाणूच्या जातीनुसार, १०० ते २,००० पटींनी प्रभावी ठरलं. द्राक्षातल्या रेस्व्हेराट्रॉलची ताकदही अशीच वाढली. आणि आपल्या चित्रकाच्या मुळातल्या प्लंबॅगिनचीही. मघाचे ते केविलवाणे आकडे आठवतात? पंपांची फेकाफेक बंद झाली, आणि तीच संयुगं नावाजलेल्या अँटिबायोटिक्सच्या पंक्तीला जाऊन बसली.

यातून लुईस यांनी एक कयास मांडला, तो मला फार आवडतो. हे पंप मुळात आपल्या अँटिबायोटिक्ससाठी बनलेच नसावेत. नॉरफ्लॉक्सासिन कालपरवाचं, पंप फार जुने. बर्बेरिनसारख्या धनभाराच्या वनस्पतिजन्य रेणूंना बाहेर फेकणं हेच त्यांचं मूळ काम असावं. तसं असेल, तर आपल्या रुग्णालयात एखादं अँटिबायोटिक जेव्हा निष्प्रभ होतं, तेव्हा ते झाडं आणि जिवाणू यांच्यातल्या आपल्याही आधीच्या युद्धातल्या ढालीवर आदळत असतं.

एकत्र योजण्याची किमया माणसांनाही कधी कधी साधली होती. इंग्लंडमधल्या हजार वर्षांपूर्वीच्या एका वैद्यकीय हस्तलिखितात डोळ्याच्या रांजणवाडीवरचं औषध दिलं आहे. लसूण आणि त्याच्याच जातकुळीतला कांदा समप्रमाणात कुटायचा, त्यात वाइन आणि बैलाचं पित्त घालायचं, पितळी भांड्यात नऊ रात्री ठेवायचं आणि गाळायचं. नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ फ्रेया हॅरिसन आणि जुन्या इंग्रजी भाषेच्या अभ्यासक क्रिस्टिना ली यांच्या चमूने २०१५ मध्ये ते तंतोतंत करून पाहिलं. स्टॅफिलोकॉकस ऑरियसवर, त्याच्या अँटिबायोटिक्सना न जुमानणाऱ्या वाणावरसुद्धा, ते चाललं. २०२० च्या पुढच्या कामातून त्याहून महत्त्वाची गोष्ट समोर आली. मोकळे तरंगणारे जिवाणू एकटा लसूणही मारतो. पण जिवाणू जेव्हा चिकट थर करून, एकमेकांना धरून राहतात, तेव्हा एकट्या लसणाचं काही चालत नाही. तिथे सगळे घटक एकत्रच लागतात. एक काढला तरी जमत नाही.

मग हे सगळं आपल्या शरीरात कितपत उतरतं? काचेच्या ताटलीत जंतू मेले म्हणून आजार बरा होतो, असं मानणं धोक्याचं आहे. लसूण खाल्ल्यावर ॲलिसिन रक्तात सापडत नाही. ते वाटेतच बदलून जातं. दुसऱ्या दिवशीही श्वासाला येणारा वास त्या बदललेल्या संयुगांचा असतो, आणि तो फुप्फुसांतून येतो, म्हणून कितीही चुळा भरल्या तरी जात नाही. कच्चा लसूण ठेचून त्वचेवर बांधला, तर ॲलिसिन जंतू आणि आपण असा भेद करत नाही. त्वचा भाजते, फोड येतात. लहान मुलांच्या बाबतीत तर हा प्रयोग अजिबात करू नये.

पण आता आपल्या परंपरेतले उपयोग एका ओळीत मांडून पाहा. रसांजन डोळ्यांवर, जखमेवर आणि जुलाबावर. ओवा पोटात. लवंग दाढेखाली. कडुनिंब त्वचेवर. काही लक्षात येतं का? डोळा, त्वचा, तोंड, आतडं. सगळ्या त्या जागा, जिथे शरीर बाहेरच्या जगाला टेकतं. आतड्याची पोकळीसुद्धा तशी बाहेरच असते. अशा जागी औषध भरपूर, दाट, थेट पोचवता येतं. मिलिलिटरला हजार मायक्रोग्रॅम रक्तात आणणं बहुधा अशक्य किंवा घातक, पण तोंडात किंवा आतड्यात ते सहज जमतं. ज्यांनी हे उपयोग पिढ्यान्‌पिढ्या पारखून टिकवले, त्यांना मायक्रोग्रॅम माहीत नव्हता. पण कुठे गुण येतो आणि कुठे येत नाही, हे त्यांनी नेमकं टिपलं होतं.

बर्बेरिनचंच घ्या. पोटात घेतलेल्या बर्बेरिनमधलं अगदी थोडं रक्तात जातं, बाकी आतड्यातच राहतं. रक्तातल्या आजारासाठी हा दोष. जुलाबासाठी? १९८७ साली बांगलादेशात रुग्णांवर रीतसर चाचणी झाली. ई. कोलायच्या एका प्रकारामुळे होणाऱ्या जुलाबात बर्बेरिनने मलातून जाणारं पाणी ठळकपणे कमी केलं. कॉलऱ्यात मात्र तेवढा फरक पडला नाही. आजही जुलाबात सर्वांत आधी मीठ-साखर-पाणीच द्यायचं, हे खरंच. पण रसांजनामागचा अनुभव पोकळ नव्हता, हे त्या चाचणीतून दिसलं.

आणि लवंग तर अजूनही दवाखान्यात आहे. दातांचे डॉक्टर तात्पुरतं भरण करताना पांढरी पूड आणि एक तेलकट द्रव घोटून सिमेंट करतात. पूड असते झिंक ऑक्साइडची, आणि द्रव असतो युजेनॉल, लवंगेच्या तेलातला मुख्य घटक. जस्त आणि युजेनॉल एकमेकांना धरून ठेवतात आणि सिमेंट दगडासारखं घट्ट होतं. मग दाताच्या आतल्या सूक्ष्म नलिकांतला ओलावा त्याला लागतो, आणि युजेनॉल पुन्हा थेंबाथेंबाने सुटत राहतं. भरणाला लागून असलेल्या थरात ते इतकं दाट असतं की जंतूंना मारतं. खाली झिरपत दाताच्या जिवंत गाभ्यापर्यंत पोचेतो ते कित्येक पटींनी विरळ झालेलं असतं. तिथे त्याला मारायची ताकद उरत नाही, तिथे ते शिरेची ठणक शमवतं. वर जंतुनाशक आणि दोन-तीन मिलिमीटर खाली वेदनाशामक, तोच रेणू.